साहेबांनीच लिहिलेले बारा प्रश्न

दुपारचे साडेचार वाजले होते, अर्जाची मुदत पाचला संपत होती आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचं चाक गरगर फिरत होतं. साहेब लालबुंद झाले होते. बढतीचा अर्ज शेवटच्या पानावर अडकला होता. पुढची संधी तीन वर्षांनी, म्हणजे त्यांच्या निवृत्तीनंतर.

"मेल्या, नऊ वर्षं सांभाळलं तुला!" त्यांनी पलंगावर मूठ आपटली. आवाजसुद्धा आला नाही, त्याचाही राग आला. नको त्या फायली उडवून झाल्या, तीनदा बंद-चालू करून झालं. लॅपटॉप दर वेळी दहा मिनिटं बरा चालायचा आणि पुन्हा थिजायचा.

"तुम्ही लॅपटॉप दुरुस्तीच्या खात्याचेच साहेब ना?" बायको दारातून म्हणाली. "मग करा की तुमच्याच मदत केंद्राला फोन!"

टोमणा जिव्हारी लागला. केंद्रातल्या कुणाला थेट विचारावं, तर कामाच्या वेळेत सगळ्यांचे मोबाइल कपाटात कुलूपबंद. तो नियमही यांचाच. शेवटी दातओठ खात त्यांनी गिऱ्हाइकांसाठीचा नंबर फिरवला.

"नमस्कार. लॅपटॉपची वायर प्लगमध्ये आहे का?" नव्या मुलीचा गोड आवाज.

"आहे! हे बघ, मी तुझा साहेब बोलतोय. पुढचं सांग."

"हो सर, असं रोज दोघंतिघं सांगतात. प्लगचं बटण चालू आहे का?"

"अगं, हे बाराच्या बारा प्रश्न मीच लिहिलेत!"

"सर, गिऱ्हाईक चिडलं की पहिल्यापासून सुरुवात करायची, असा आमच्या साहेबांचा नियम आहे. तर, वायर प्लगमध्ये आहे का?"

साहेब तीनदा चिडले आणि तिन्ही वेळा वायर प्लगमध्येच निघाली. पाचला सात मिनिटं कमी असताना, गुणी बाळासारखी उत्तरं देत ते एकदाचे बाराव्या प्रश्नाला पोहोचले.

"लॅपटॉप कशावर ठेवलाय, सर?"

"उशीवर."

"मग खालची भोकं बुजली असणार. गरम हवा बाहेर पडत नाही, म्हणून तो अडकतो. टेबलावर ठेवा, गार होऊ द्या."

बायकोने वर्तमानपत्राने वारा घातला. चाक थांबलं आणि पाचला एक मिनिट कमी असताना अर्ज गेला.

खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण राग उतरतो कुठे! फोनवर नाव न विचारता अभिप्राय मागणारा संदेश आला. साहेबांनी दहापैकी शून्य गुण देऊन खाली लिहिलं, 'मुलगी बिचारी चांगली आहे. असले नियम करणाऱ्या तिच्या साहेबाला आधी नारळ द्या.' तेव्हा कुठे त्यांना जरा बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी मुलाखत झाली. मोठ्या मॅडमनी एक कागद पुढे सरकवला.

"वर्षभरात तुमच्या खात्याला हे एकच शून्य मिळालंय. तुम्हाला नारळ द्या म्हणतोय हा माणूस. तुमचं काय म्हणणं?"

कागदावर साहेबांचंच वाक्य होतं. पण बढती डोळ्यांसमोर होती.

"मूर्ख असतात हो अशी माणसं, मॅडम!" ते तावातावाने म्हणाले. "तापट, आडमुठी! कामातलं ओ की ठो कळत नाही आणि चालले दुसऱ्याला शिकवायला. अशा माणसाला मी दारातसुद्धा उभं करणार नाही."

"असं होय?" मॅडम हिरमुसल्या. "आम्हाला तर त्याचं नियमांबद्दलचं म्हणणं पटलं होतं. या बढतीच्या जागेवर असाच स्पष्ट बोलणारा माणूस शोधून बसवावा, असं ठरतही आलं होतं. पण तुम्ही एवढ्या खात्रीने सांगताय, तर राहू दे."

आणि त्यांनी कागदावर फुली मारली.