केरू साळिंदराच्या सुटकेचा दिवाळी महोत्सव

मला गोष्टी सांगता येत नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. पण आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मुलांचं एक पान रिकामं राहिलं. मग यांना म्हातारा आठवला. म्हातारा म्हणजे गोष्टी येणारच, असा यांचा समज. आणि नुसती गोष्ट नको म्हणे, "दानाचं महत्त्व पटवणारी" हवी. मी शाळा चौथीत सोडली. ज्यांना शुद्धलेखन तपासायचं असेल त्यांनी आत्ताच उठावं.

बाकीच्यांनी नाक पुसा आणि ऐका.

जंगल एक होतं. त्यात वाघोबा राजा होता. का होता, ते विचारायचं नाही. त्या जंगलात तसं कुणी काही विचारत नसे. विचारलं ते एकानंच, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

त्याचं नाव केरू. केरू साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभावानं गरीब. कंद उकरावेत, बायकापोरांना घालावेत, झोपावं. एवढंच त्याचं राजकारण.

जंगलात पाणवठा एकच. "पाणवठा सगळ्यांचा," असं खुद्द राजा म्हणायचा. पण राजा पाणी प्यायला आला की बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, अशी रीत होती. केरूनं एकदा भर दरबारात विचारलं, "महाराज, पाणवठा सगळ्यांचा, तर पाठ आमचीच का?"

बस, एवढंच. शिवी दिली नाही, दगड मारला नाही.

वाघोबा म्हणाला, "प्रश्न मागे घे."

केरू म्हणाला, "उत्तर द्या, मग घेतो."

झालं! टेकडीच्या पोटात एक गुहा होती. केरूला तिच्यात ढकललं, तोंडाशी धोंडा लावला आणि पहाऱ्याला एक तरस बसवला. धोंड्याच्या वर ताट आत जाईल एवढी फट ठेवली. राजा दयाळू होता.

केरूची बायको हौसा. ती जंगलभर फिरली. जो तो म्हणाला, "अरेरे." अरेरे म्हणायला दातसुद्धा हलवावे लागत नाहीत.

"टेकडीच्या मागच्या अंगाला माती भुसभुशीत आहे," हौसा सांगायची. "चार जणांनी पंजा लावला तर भुयार होईल. आपलं माणूस बाहेर येईल."

"बघू हं," सगळे म्हणायचे.

मग तिनं एकटीनंच उकरायला घेतलं. पोरं पाठीशी, पोटात भूक. काम रोज वीतभर पुढे सरकायचं.

एवढ्यात दिवाळी आली.

दिवाळी आली की त्या जंगलातल्या जनावरांना माणुसकीची उबळ यायची. खोकल्यासारखी. चार दिवस जोरात यायची, मग औषध न घेता आपोआप जायची. आदल्या वर्षी त्यांनी लंगड्या सशांना घोंगड्या वाटल्या होत्या. घोंगड्या अस्वलाच्या मापाच्या होत्या. त्यातले दोन ससे अजून सापडलेले नाहीत.

हे सगळं करायच्या कुमुदताई नीलगाय. मोठ्या मनाच्या. आवाजही तसाच मोठा. त्यांच्याबरोबर भाऊसाहेब मोर असायचे. ते पिसारा फुलवून मागे उभे राहायचे, म्हणजे फोटो भरगच्च यायचा.

एक दिवस दोघं हौसाच्या बिळाशी आले.

"हौसाबाई," कुमुदताई गहिवरून म्हणाल्या, "तुमचं दुःख आता तुमचं राहिलं नाही. ते समितीचं झालं."

"बरं झालं बाई," हौसा म्हणाली. "मग कधी येता उकरायला?"

"अहो, उकरायचं कसलं? आपण जनमत जागं करणार."

"पण माती भुसभुशीत आहे ताई."

"असू दे. उकराउकरी बेकायदेशीर असते. आपल्या चळवळीला डाग लागेल. तुम्ही फक्त स्टेजवर बसायचं."

"बसून काय करू?"

"रडायचं," भाऊसाहेब म्हणाले. "फक्त माझं भाषण चालू असताना नको. माझं लक्ष उडतं."

हौसा पुन्हा उकरायला वळली. तेव्हा कुमुदताईंनी तिला पाडव्याची आठवण दिली.

बाळांनो, आता कान द्या, कारण गोम इथेच आहे. त्या जंगलात पणजोबांपासूनची एक रीत होती. पाडव्याच्या दरबारात जंगलानं एका तोंडानं एक मागणं मागायचं, आणि राजानं ते द्यायचं. मागणं एकच. पण राजानं "नाही" म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"यंदा आपण केरूभाऊंची सुटका मागणार," कुमुदताई म्हणाल्या. "हा माझा शब्द."

हौसानं पंज्याची माती झाडली. पोरांना जवळ घेतलं आणि सांगितलं, "बाबा पाडव्याला येणार." आणि उकरणं थांबवलं.

मग काय विचारता! "केरू मुक्ती व फराळ समिती" निघाली. वसुबारसेला मांडव पडला. साळिंदराच्या आकाराचे आकाशकंदील झाडाझाडाला लागले. चकलीला मुळातच काटे असतात, त्यामुळे तिला काही करावंच लागलं नाही. नुसती पाटी लावली: "एक चकली खा, एक काटा मोकळा करा." जो तो डोक्यात गवताची काडी खोचून "मी पण केरू, मी पण केरू" म्हणत हिंडू लागला. सशांपासून रानडुकरांपर्यंत सगळे केरू झाले. एक खरा केरू तेवढा गुहेत होता.

वाघोबाही एकदा मांडवात येऊन गेला. कुमुदताईंनी त्याच्याही कानामागे काडी खोचली.

"हा केरू कोण?" वाघोबानं विचारलं.

"एक पीडित आहे महाराज."

"अरेरे. कुणी पीडलं?"

सणासुदीला कशाला वाईटपणा? भाऊसाहेब म्हणाले, "परिस्थितीनं, महाराज."

"चांगलं काम आहे. चालू ठेवा," असं म्हणून वाघोबा दोन करंज्या खाऊन गेला.

इकडे गुहेत फराळाची ताटं जाऊ लागली. आता तुम्हाला तुमच्या आयांनी शिकवलं असेल की दुसऱ्याच्या घरचं ताट रिकामं परत पाठवू नये. केरूलाही त्याच्या आईनं शिकवलं होतं. पण गुहेत काय असणार? त्यानं अंगावरचे दोन काटे उपटले, ताटात ठेवले आणि ताट फटीतून बाहेर दिलं.

मांडवात नुसता कल्लोळ झाला. खरा काटा! अस्सल! कुमुदताईंनी एक आपल्या अंबाड्यात खोचला. मग प्रत्येकाला हवासा झाला. प्रत्येक घरून ताट जाऊ लागलं, आणि केरू बिचारा प्रत्येक ताटाची परतफेड करत बसला. लाडू खायचा आणि काटे उपटायचा. धोंडा हलवावा, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. धोंड्याला हार मात्र घातला.

पाडव्याच्या सकाळी समिती मांडवामागे जमली.

"ताई," भाऊसाहेब म्हणाले, "केरू आज सुटला, तर पुढल्या वर्षी काय करायचं?"

"म्हणजे?"

"कंदील किती उरलेत बघा. सगळ्यांवर केरूचंच तोंड. शिवाय घोंगड्यांना एवढी गर्दी कधी झाली होती का?"

"पण मी शब्द दिलाय हो."

"शब्द सुटकेचा दिलाय. तारखेचा कुठे दिलाय?"

कुमुदताईंना ते पटलं. मोठ्या मनात पुष्कळ गोष्टी मावतात.

दरबार भरला. हौसा पोरांना चाटूनपुसून घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. वाघोबा म्हणाला, "मागा."

कुमुदताई उठल्या. "महाराज, सगळं जंगल एका तोंडानं मागतंय. केरू साळिंदराच्या सुटकेसाठी..."

हौसा उठून उभी राहिली.

"...आम्ही जो महोत्सव करतो, त्याला दरवर्षी हेच मैदान मिळावं. आणि एक दिवस वाढवून मिळावा, भाऊबीजेपर्यंत."

"दिला!" वाघोबा म्हणाला.

टाळ्यांनी झाडावरची वटवाघळं उठली. हौसाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. ती स्टेजशी गेली.

"ताई, आणि केरू?"

"अहो, मागणं एकच असतं ना! रीत आहे. पुढल्या पाडव्याला नक्की बघू." कुमुदताईंनी तिच्या पाठीवर खूर ठेवला. "आणि काल फार छान रडलात हं."

"आई, बाबा कुठाय?" धाकट्या पोरानं विचारलं.

हौसा रडली नाही. तिनं भाऊसाहेबांना विचारलं, "आता पुढे काय आहे?"

"आभारप्रदर्शन. मीच करतोय. थांबा, तुमचंही नाव आहे शेवटी."

"लांबणार का?"

"बरंच."

"मग लांबवा भाऊसाहेब. सावकाश होऊ द्या," असं म्हणून हौसा पोरांना घेऊन टेकडीच्या मागे गेली.

बाळांनो, आभारप्रदर्शनाचा जगात कुणालाही काही उपयोग झाल्याचं मी तरी एवढंच एक उदाहरण ऐकलंय. भाऊसाहेबांनी राजाचे आभार मानले, राजाच्या सासूचे मानले. मांडव विणणाऱ्या कोळ्यांचे आभार होईपर्यंत हौसा कमरेपर्यंत आत गेली होती. काजव्यांचे होईपर्यंत तिची शेपटी दिसेनाशी झाली. पोरं मागून माती लोटत होती. पहाऱ्यावरच्या तरसाचेही आभार होते, म्हणून तो मांडवात जाऊन बसला होता. "आणि ज्यांची नावं अनवधानानं राहिली त्यांचेही," असं भाऊसाहेब म्हणाले तेव्हा भुयार गुहेत फुटलं.

"कोण आहे?" आतून केरू ओरडला.

"कोण म्हणजे? समिती वाटली का?"

"हौसा! अगं, हळू. माती डोळ्यात गेली."

हौसानं त्याच्याकडे बघितलं. केरूच्या अंगावर एक काटा नव्हता. सोललेल्या रताळ्यासारखा दिसत होता.

"काटे कुठे गेले?"

"ताटं परत करायची होती ना."

"सगळे?"

"रिकामं कसं पाठवायचं गं?"

"येडा आहेस," हौसा म्हणाली, आणि तेव्हा मात्र रडली. स्टेज नव्हतं, फोटो नव्हता. उगाच वाया गेलं म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तरसानं ताट आत सरकवलं आणि डोकावून बघितलं, तर गुहा रिकामी! राजा आता मानगूट मोडणार. तेवढ्यात ताटातल्या अनारशांचा वास आला. तरसानं विचार केला. पहारेकऱ्याला दिवाळीत काय मिळतं? काही नाही. कैद्याला? तो मागच्या भुयारानं आत शिरला आणि बसला.

कुमुदताई सगळा गोतावळा घेऊन ओवाळायला आल्या. "केरूभाऊ, धीर सोडू नका! आम्ही आहोत!"

"हूं," आतून तरस म्हणाला. तोंडात अनारसा होता.

"आवाज किती खोल गेलाय बघा," असं म्हणून सगळ्यांनी डोळे पुसले. ताट रिकामं परत आलं. "बिचाऱ्याचे काटे संपले," म्हणून पुन्हा पुसले.

त्याच दिवशी केरू बायकापोरांसह नदीपलीकडे निघाला होता. वाट मांडवावरूनच होती. भाऊसाहेबांनी त्याला अडवलं.

"ओ पाव्हणे, केरूच्या सुटकेसाठी एक चकली?"

"मीच केरू," केरू म्हणाला. खरं बोलायची खोड त्याची गेली नव्हती.

"आज सगळेच केरू आहेत," भाऊसाहेब हसले. "भावना पोचली."

"अहो, खरंच मी केरू. साळिंदर."

"साळिंदराला काटे असतात. हा कंदील बघा. जरा अभ्यास करत जा."

कुमुदताई पुढे आल्या. "दादा, 'मी पण केरू' म्हणता आणि काडी नाही लावलीत?" त्यांनी आपल्या खुरांनी त्याच्या डोक्यात गवताची काडी खोचली.

केरूनं पुन्हा तोंड उघडलं. हौसानं त्याच्या पायावर पाय दिला. "द्या हो चकली," ती म्हणाली. "आमचा पाठिंबा आहे."

पुढे पाणवठा लागला. पोरांना तहान लागली होती. तेवढ्यात वाघोबा आला. सगळ्या जनावरांनी गर्रकन पाठ फिरवली. केरूनं नाही फिरवली. हौसानं पोरांना मागे ओढलं.

वाघोबानं त्याच्याकडे बघितलं. मग डोक्यातल्या काडीकडे बघितलं.

"समितीचा का? छान, छान," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

केरू समोरासमोर उभा राहून पोटभर पाणी प्यायला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं नाही ते नाहीच. मग हौसानं सगळ्यांना घाईनं नदीत लोटलं, कारण सूर्य कलायला आला होता, आणि उबळ फक्त भाऊबीजेपर्यंतच असते.

त्या गुहेतला तरस आता इतका जाड झालाय की भुयारातून बाहेर येत नाही. समिती दरवर्षी त्याच्यासाठी झटते आहे.

तात्पर्य: सणासुदीला कैद्याला फराळ जरूर पाठवावा, पुण्य लागतं. धोंडा मात्र हलवू नये. धोंडा हलला तर हार कुठे घालणार?

आणि आता मंडळासाठी दोन ओळी, त्या छापल्या नाहीत तर गोष्टही छापायची नाही. गेल्या दिवाळीत मी कोपऱ्यावर चपलेचा अंगठा शिवून घेत बसलो होतो. तिथून मला दंडाला धरून मांडवात नेलं, "बेघर वृद्ध" म्हणून माइकवरून पुकारलं, घोंगडी पांघरवून फोटो काढला आणि पुढच्या म्हाताऱ्यासाठी घोंगडी काढूनही घेतली. माझं घर त्या मांडवाच्या समोर आहे. सून खिडकीतून बघत होती. ज्यानं हे केलं त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. त्याचं नाव सुधाकर उकिडवे.