शीतपेटीतला पेरू

राधाकिशनअण्णांना शुगर निघाली ही गोष्ट गावात दोघांनाच माहीत होती, अण्णांना आणि विमलबाईंना. अंबाजोगाईच्या डॉक्टरांना माहीत होती, पण ते काही गावात राहत नव्हते. अण्णांनी बायकोला देवापुढं उभं करून शपथ घातली होती.

"मतदान होईपस्तोर कुणाला कळता कामा नये. साखर कारखान्याचा संचालक, आन त्यालाच साखर बंद! त्यो शहादेव गावोगाव सांगत फिरंल. म्हणंल, ज्याला सोताला साखर चालंना त्यो कारखाना काय चालवणार?"

शहादेव हा अण्णांचा चुलतभाऊ. भावकी एक, घराला घर लागून आणि गट मात्र विरोधी. यंदा तो अण्णांच्याच जागेवर उभा होता आणि येत्या रविवारी मतदान होतं. अण्णांची भीती खोटी नव्हती. पण शपथेमागं आणखी एक कारण होतं आणि ते अण्णांनी देवापुढंसुद्धा सांगितलं नाही. शुगरचं गावात कळलं असतं, तर प्रचारात घरोघर मिळणारा गोड चहा, शिरा आणि पेढे त्याच दिवशी बंद झाले असते.

विमलबाईंनी गावापुरती शपथ पाळली. पण नवऱ्याचा जीव गोडात अडकलेला त्यांना माहीत होता. त्यांनी पुण्याच्या लेकीला फोन केला. लेक म्हणाली, "आई, पेरूचा जॅम कर. साखर अगदी थोडी घाल, लिंबू पिळ. रोज एक चमचा बाबांना दे. डॉक्टरांना विचारलंय मी." त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. विहिरीनं तळ दाखवला होता, पिण्याचं पाणी टँकरनं येत होतं आणि अण्णांच्या पेरूच्या बागेनं माना टाकल्या होत्या. झाडं वाळण्याआधी विमलबाईंनी होते नव्हते तेवढे पेरू उतरवून घेतले. आतून लाल निघणारे, लहान, पण वास घरभर सुटेल असे. ते उकडून, बिया काढून, गर आटवून ओसरीवर बरण्यांची रांग लागली तेव्हा सकाळ झाली होती. विमलबाईंनी रात्रभर पाठ टेकली नव्हती.

मग लेकीचा पुन्हा फोन आला. "आई, एक सांगायचं राहिलं. साखर कमी असली की बाहेर टिकत नाही. सगळं फ्रीजरमध्ये ठेव. आणि बरण्या गळ्यापर्यंत भरू नको, गोठल्यावर फुगून फुटतील."

बरण्या कमी भरणं जमलं. फ्रीजरचं जमेना. घरातल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात दोन बरण्या बसल्या आणि दारच लागेना. विमलबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांची नजर ओसरीच्या कोपऱ्यात गेली.

तिथं शीतपेटी होती. माणूस वारलं आणि लेकी-सुना लांबून यायच्या असल्या, तर तोवर देह ठेवायला असते ती. त्या साली कारखान्याकडं गाळायला ऊस नव्हता, त्यामुळं समाजकार्य जोरात होतं. संचालकांच्या गावांना एकेक पेटी आणि लाइट जाते म्हणून सोबत एकेक जनरेटर दिला होता. पेटी आली, पण उद्घाटन होईना. चेअरमनसाहेबांनी तारीखच दिली नाही. फीत कापल्यावर आत काय ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि पेटीला हात लावून फोटो काढायला कुणीच तयार नव्हतं. त्यामुळं पेटी कोरी करकरीत, वरच्या प्लास्टिकसकट अण्णांच्या ओसरीवर पडून होती.

"कोरीच हाय की," विमलबाई स्वतःशीच म्हणाल्या. "मेलं अजून कोण हाय?"

त्यांनी बरण्या ओळीनं आत लावल्या, वायर जोडली. आत निळा दिवा लागला. कुणी बघितलं तर जॅमला हात लावणार नाही म्हणून वरून धुतलेली पांढरी चादर घातली. पेरूचा रस सांडून माशा घोंगावत होत्या, म्हणून उदबत्त्या लावल्या. तेवढ्यात लाइट गेली. त्यांनी अंगणातला जनरेटर चालू केला, ओसरीच्या दाराला आतून कडी घातली आणि पेटीच्या बाजूलाच, फरशीच्या गारव्याला, तोंडावर पदर घेऊन आडव्या झाल्या. त्यांना लागलीच झोप लागली.

लाइट गेलेल्या गावात जनरेटरचा आवाज लांबवर जातो. समोरच हॉटेल चालवणाऱ्या गहिनीनाथनं चहा गाळता गाळता कान टवकारले. हा जनरेटर कशाचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तो फडकं खांद्यावर टाकून अण्णांच्या ओसरीच्या खिडकीशी आला आणि गजातून आत बघितलं. निळा दिवा, पांढरी चादर, उदबत्तीचा धूर आणि पेटीच्या कडेला विमलकाकू जमिनीवर पडलेल्या. दार वाजवायला उचललेला हात त्यानं खाली घेतला. अशा वेळी त्या बाईला उठवायचं तरी कसं?

खात्री करावी म्हणून त्यानं अण्णांना फोन लावला. फोन बंद. माणूस चालता-बोलता असताना अण्णांचा फोन कधी बंद लागला नव्हता. गहिनीनाथनं डोळे पुसले आणि गावाच्या ग्रुपवर अण्णांचा फेटा बांधलेला फोटो टाकला. खाली लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली.

पुढचं काम ग्रुपनंच केलं. चहा उकळेपर्यंत बातमी केजला पोचली. कारखान्याच्या ऑफिसनं दुखवटा म्हणून कारखाना दिवसभर बंद राहील असं कळवलं. ऊस नसल्यानं तो आधीपासून बंदच होता, पण पत्रक निघालं.

शहादेवला बातमी कळली तेव्हा तो प्रचाराच्या जीपला झेंडा बांधत होता. तो मट्‌कन खाली बसला. त्याला वाईट वाटलं हे खरं. लहानपणी अण्णांनीच त्याला सायकल शिकवली होती. पण थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, की आता तालुका लोटणार आणि अण्णांची सगळी मतं ओसरीवर रडत बसणार.

"मुंजाजीला बोलवा," तो म्हणाला. "वस्तरा घिऊन ये म्हणावं."

मुंजाजी न्हावी घाबरला. "शहादेवराव, रीत तर पुढची हाय. आदी मयतीला तरी जाऊन या."

"भाऊ गेलाय बे माझा! गुमान कर."

मुंजाजीनं डोकं केलं, मिशीही काढली. शहादेवची मिशी पोस्टरवर होती तेवढीच मोठी होती. ती गेल्यावर त्याच्या कार्यकर्त्यांनीच त्याला क्षणभर ओळखलं नाही.

इकडं केजच्या बाजारात राधाकिशनअण्णा मिठाईच्या दुकानात मागच्या बाकावर बसून जिलेबी खात होते. प्रचाराला जातो म्हणून घरातून निघाले होते आणि विमलबाईंचा फोन येऊ नये म्हणून मोबाइल बंद करून ठेवला होता. पोट भरलं तशी त्यांनी आणखी थोडी बांधून घेतली, तोंडाला धुळीसाठी उपरणं गुंडाळलं आणि गावाकडच्या जीपमध्ये मागं कोंबून बसले. जीप आज भलतीच भरलेली होती.

"एवढी गर्दी कावून?" अण्णांनी उपरण्यातूनच विचारलं.

"मयतीला चाललोत. राधाकिशनअण्णा गेले की."

अण्णांचा हात खिशातल्या पुडीवर घट्ट झाला. "कोण राधाकिशन?"

"संचालक हो! तुमी कोणच्या गावचे?"

अण्णांनी लांबच्या एका गावाचं नाव सांगितलं. उपरणं सोडून ओळख द्यावी, हे मनात आलं होतं. पण मेल्यावर लोक काय बोलतात हे ऐकायला मिळणारा उमेदवार विरळाच, म्हणून ते गप्प राहिले.

"माणूस लई दिलदार," एक म्हातारा म्हणाला.

"हां. माझ्या पोराला कारखान्यात लावतो म्हणलते. न्हाई लावलं."

"आता कशाला काढतो ते? गेला बिचारा."

"म्या कुठं वाईट बोललो? लावणार व्हते. राहून गेलं, एवढंच म्हणलं."

अण्णांचे डोळे उपरण्यात भरून आले. तो पोरगा त्यांना आठवत होता.

ओसरीसमोर तोवर माणसांनी अंगण भरलं होतं. बायांच्या रडण्यानं विमलबाईंना जाग आली. कडी काढली तशी शेजारची कडूबाई त्यांच्या गळ्यातच पडली. "विमलबाई, अण्णा गेले गं!"

सकाळी नवरा चहा पिऊन चालत बाहेर पडला होता. कुठं, कसे, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात तुळतुळीत डोक्याचा एक माणूस गर्दीतून घुसला आणि पेटीवर पालथा पडून ओरडू लागला. आवाजावरून त्यांनी ओळखलं, हा तर शहादेव.

"अण्णा, मला पोरका केलंत! तुमच्यासारखा संचालक पुन्ना व्हणार न्हाई! म्या तुमच्या जाग्यावर उभा राह्यलो, पण तुमच्या पायताणाची सर मला न्हाई!"

समोर मोबाइल वर झालेले होते. शहादेवला ते दिसत होते, म्हणून त्यानं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

"भावजी, उठा तिथून," विमलबाई एकदम ओरडल्या. "हे त्यात कसं असतील? त्यात माझा जॅम हाय!"

रडणं थांबलं. बाईचं डोकं फिरलं असं वाटून कडूबाई त्यांना धरायला गेली, पण विमलबाईंनी हिसका देऊन चादर ओढली. काचेखाली निळ्या उजेडात बरण्या ओळीनं उभ्या होत्या, लालसर, वरून थोड्या रिकाम्या.

तेवढ्यात दारात जीप थांबली. मागून उपरणं गुंडाळलेला माणूस उतरला आणि त्यानं तोंड मोकळं केलं. पुढची दोन माणसं मागं सरली. जीपमधला म्हातारा तर पायरीवरच बसला.

विमलबाई धावत गेल्या. सगळ्यांदेखत नवऱ्याच्या दंडाला धरून ढसढसा रडल्या. अण्णाही रडले. आणि रडता रडता विमलबाईंना अण्णांच्या मिशीवर काहीतरी चमकताना दिसलं. त्यांनी बोट लावलं. पाक होता. खिशात हात घातला. पुडी निघाली.

"जिलेबी?" विमलबाईंचं रडं जागच्या जागी थांबलं. "डॉक्टरनं साखर बंद केली ना तुमची? म्या रातभर तुमच्यासाठी पेरू शिजवीत बसले, साखर कमी म्हणून मढ्याच्या पेटीत ठिवले, आन तुमी जिलेबी खाता?"

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. पण शपथ मोडली होती आणि ऐकायला दोन्ही गट हजर होते.

शहादेव उठून उभा राहिला. मिशी गेली होती, भाषण फोनाफोनांत गेलं होतं, पण हाती मुद्दा आला होता. "ऐकलं का मंडळी? साखर कारखान्याचा संचालक, आन त्याला साखर चालत न्हाई!"

रविवारपर्यंत तो हेच सांगत फिरला. पण ज्या गावात जाई तिथं लोक आधी त्याच्या डोक्याकडं बघत.

"कोण वारलं, शहादेवराव?"

"कुणी न्हाई."

"मग डोकं कावून केलं?"

आता हे समजावून सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागे. ते सांगून झालं, की त्याच्यासमोर त्याचंच भाषण मोबाइलवर लावत. त्यानंतर कुणीतरी सभासद त्याला बाजूला घेऊन हळूच विचारी, "त्यो कमी साखरेचा जॅम आमाला मिळंल का? शुगर हाय. घरात सांगितलं न्हाई अजून." असं विचारणारे शहादेवला गावोगाव भेटले. त्यांची मतं कुठं जाणार हे त्याला तेव्हाच कळलं.

अण्णा निवडून आले. गुलाल उधळला, हलगी वाजली. मिरवणूक घरोघर थांबत होती आणि प्रत्येक दारात बाया पेढ्याचं ताट घेऊन उभ्या होत्या. ते ताट अण्णांपर्यंत आलं की पुढं सरके. "अण्णा, तुमाला न्हाई हो," म्हणत लोक प्रेमानं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देत. गहिनीनाथनं पहिल्यांदाच बिनसाखरेचा चहा दिला. संबंध गावाला अण्णांच्या जिवाची एवढी काळजी, की गुलालानं भरलेल्या अण्णांना रडू यायचं बाकी राहिलं. जागा राहिली, पण गोड कायमचं गेलं.

शेवटी मिरवणूक स्वतःच्या दारात आली, तेव्हा शेजारच्या ओट्यावरून शहादेव उतरला. डोक्यावर नुकते खुंट फुटले होते. हातात पेढ्यांचा पुडा होता. त्यातला सगळ्यात मोठा पेढा उचलून तो पुढं आला. "हारलो अण्णा. पण तोंड गोड करा."

अण्णांनी हातातला तांब्या खाली ठेवला. अख्ख्या गावात आपलं मन ओळखणारा एकच निघाला, आणि तोही विरोधी गटाचा. त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं.

पेढा तोंडाशी पोचण्याआधीच विमलबाईंनी शहादेवचं मनगट धरलं. पेढा काढून घेतला आणि त्याच्याच तोंडात घातला.

"इतक्यात नका, भावजी," त्या म्हणाल्या. "पेटीत अजून माझा जॅम हाय. ह्यांना जागा न्हाई."