समोरच्या दाराशी आलेला नट

पोरीच्या अभ्यासात आपणही हातभार लावायचा, असं सायलस पेनीनं एके दिवशी ठरवलं. त्याची बायको मर्टल हिनं त्याला तेव्हाच घराबाहेर पिटाळलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण खेकड्यांचा हंगाम संपलेला, होडी किनाऱ्याला लागलेली, आणि रिकामा सायलस ही काय चीज आहे ते न्यूफाउंडलंडच्या आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पोरगी केंड्रा डॉक्टरीच्या प्रवेशाची तयारी करत होती, तीही दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला मार्क उत्तम होते, मुलाखतीत गाडी घसरली. आता पहिली मुलाखत घरबसल्याच व्हायची. कॉम्प्युटरवर प्रश्न येणार, विचाराला जरासा वेळ, मग कॅमेरा आपोआप सुरू. जे बोलाल ते बोलाल, पुसून पुन्हा नाही. यंदाही हुकलं तर ती डॉक्टरीचा नाद सोडून शहरात नोकरी धरणार होती. (गावचा दवाखाना बंद पडलाय, त्यामुळे ती डॉक्टर होणं ही आम्हा सगळ्यांचीच गरज. माझा गुडघा तर तिच्याच भरवशावर दुखतोय.)

सायलस प्रश्न वाचायचा, केंड्रा उत्तरं द्यायची.

"माणूस वैतागलेला असला की आधी त्याचं ऐकून घ्यायचं, बाबा. त्याला कसं वाटतंय ते विचारायचं. सगळ्या बाजू समजून घ्यायच्या, घाई करायची नाही."

"एवढ्यावर डॉक्टर करतात?"

"छे. पुढच्या फेरीला कॉलेजात बोलावतात. तिथे खोलीत एक नट बसवलेला असतो. तो रडतो, ओरडतो, आजाऱ्याचं सोंग करतो. आपण काय करतो ते बघतात."

"सोंग आहे हे ओळखायचं कसं?"

"ओळखूच येत नाही. तीच तर गंमत आहे."

झालं. सायलसच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कॉलेजवाले नट घरीसुद्धा पाठवत नसतील कशावरून? पोस्टातली हेझल कंबर धरून रडायला लागली, तर हा वाकून तिच्या डोळ्यांत बघत राहिला, की पाणी खरं आहे की थेंब घातलेत. पाद्री शिडी मागायला आला, तर त्याला म्हणाला, "खरं सांगा, तुम्हाला कुणी पाठवलं?" पाद्र्यानं बिचाऱ्यानं भाबडेपणानं आभाळाकडे बोट दाखवलं. सायलसचा संशय आणखीच बळावला.

मुलाखतीचा दिवस उजाडला. पेनींच्या घरात नेट फक्त स्वयंपाकघरात धड येतं, आणि आमच्याकडे माणसं दार न वाजवता मागच्या बाजूनं थेट स्वयंपाकघरात शिरतात. म्हणून मर्टल विणकाम घेऊन मागच्या पायरीवर पहाऱ्याला बसली. सायलसला समोरच्या खोलीत बसवलं, कारण तिथे काही घडतच नाही. आमच्या गावात समोरचं दार उघडतात ते शवपेटी बाहेर काढायला.

आणि नेमकी त्याच दारावर टकटक झाली.

सायलसनं कान टवकारले. गावातलं माणूस हे दार वाजवणं शक्य नाही. म्हणजे आला. त्यानं खांदा लावून दार उघडलं. बाहेर कोट घातलेला एक परका माणूस, कपाळावरून लाल ओघळ.

"जरा फोन करता येईल का? वळणावर मूस आडवा आला. गाडीचा चक्काचूर झालाय, आणि माझा फोनही." (मूस म्हणजे आमच्या रानातलं घोड्याहून थोराड सांबर.)

'काय बेमालूम करतोय,' सायलस मनात म्हणाला. पोरगी आत गुंतलेली, तेव्हा घराण्याची लाज आता आपल्या हातात. त्यानं आवाज मऊ केला.

"तुम्हाला खूप त्रास झालेला दिसतोय."

"दिसतोय काय? रक्त वाहतंय."

"रक्त वाहतंय म्हणून तुम्हाला कसं वाटतंय?"

"अहो, फोन देताय का?"

"देईन की. पण घाई करणं बरं नाही. आधी सगळ्या बाजू समजून घेऊ."

"कुणाच्या बाजू?"

"आता, मूसलाही काही म्हणायचं असेलच."

माणसानं चौकट धरली. "मला चक्कर येतेय हो."

"छान, फार छान," सायलस त्याच्या कानाशी पुटपुटला. "पण रंग जरा जास्तच झालाय. लाल बोरांचा जॅम ना?" आणि त्याच्या कपाळावरून बोट फिरवून त्यानं चक्क चाटून पाहिलं.

तो जॅम नव्हता.

माणूस खाली बसला. सायलस त्याच्याही आधी आडवा झाला, आणि पडता पडता पोरीचं नाव घेऊन बोंबलला.

आत शेवटचा प्रश्न चालू होता. कॅमेरा सुरू होता, केंड्राची दोनच वाक्यं झाली होती. ती उठली, मधलं दार सताड उघडं टाकून धावली. जखमेवर स्वच्छ फडकं दाबून धरलं, माणसाला भिंतीला टेकवलं, मर्टलला फोन करायला लावला. आडवा पडलेला बाप 'मूसची बाजू विचारायची राहिली' असं मोठ्यानं बरळत होता; त्याच्याकडे तिनं सर्वांत शेवटी पाहिलं. तोवर कॉम्प्युटर वेळ संपल्याचं सांगून बंद झाला होता.

त्या माणसाला इस्पितळात नेऊन टाके घातले, तो बरा झाला. केंड्रा मात्र बापाशी बोलेना. आपल्याच हातानं पोरीचं वाटोळं केलं, या विचारानं सायलस होडीत जाऊन रडायचा. (मी पाहिलंय. थेंब घातलेले नव्हते.)

मग एका सकाळी कॉलेजातून एका बाईंचा फोन आला. केंड्रानं स्पीकर लावला.

"तुम्हाला पुढच्या फेरीला बोलावतोय," बाई म्हणाल्या. "मुलाखत सोडून जखमी माणसाकडे धावलात, ते सगळ्यांना आवडलं. पण एक समज द्यायची आहे. चित्रणात भाड्यानं नट आणायला मनाई आहे."

"नट? नाही हो, तो माणूस खरंच जखमी होता."

"तो असेल, आम्ही इस्पितळात चौकशी केली. आम्ही दुसऱ्याबद्दल बोलतोय. मूसची बाजू विचारणारा. असा माणूस कुणाच्या घरात असतो, यावर समितीत कुणाचाच विश्वास बसला नाही."

केंड्रानं मान खाली घातली. "ते माझे बाबा आहेत."

"खरोखरचे?"

"खरोखरचे," मर्टल मागून म्हणाली. "लग्नाला साक्षीदार आहेत."

पलीकडे बाईंचा आवाज एकदम हळवा झाला.

"अगं बाळ, मग अर्जात 'घरची बिकट परिस्थिती' हा रकाना तू रिकामा का सोडलास?"