फोटो मोठा, विषय बारका

दूध आणायला निघालेला उन्मेष मंगळवार पेठेतल्या चौकात थबकला. समोरच्या फ्लेक्सवर तो स्वतःच हात जोडून उभा होता. खाली ठसठशीत अक्षरं होती : 'ड्रग्ज क्षेत्रातील पेठेचे पहिले डॉक्टर. हार्दिक अभिनंदन.'

बिचाऱ्याच्या पीएच.डी.चा विषय वेगळाच होता. सरकार नशेचा प्रश्न पोलिसांचा म्हणून मांडतं की दवाखान्याचा, त्यावर माणूस तुरुंगात जातो की उपचाराला, हे त्याने शोधलं होतं. त्यात तारुण्य गेलं, तासिकेवर शिकवण्यात डोक्यावरचे केस गेले. सोमवारी कॉलेजात कायमच्या जागेची मुलाखत होती आणि ही शेवटचीच संधी होती.

"थिसिसचं पूर्ण नाव का नाही घातलंस?" त्याने फ्लेक्स लावणाऱ्या तालमीच्या बाळासोला विचारलं.

"लई लांब हाय ओ सर. ते घातलं की तुमचा फोटो बारका हुतोय."

"काढ तो फ्लेक्स."

"असं कसं? पोरांनी हौसेनं लावलाय. ऱ्हाऊ दे की आठवडाभर, तुमचंच नाव हुतंय."

नाव झालंच. दुपारी एक आई तरण्या पोराला घेऊन आली, "औषध द्या" म्हणाली. डॉक्टर औषधाचा नाही हे तिला पटेपर्यंत चहा दोनदा झाला. संध्याकाळी दारात तीन मोटारसायकली थांबल्या. त्यांना औषध नको होतं, माल हवा होता. मोटारसायकली बघून शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवलं आणि पोलिसांची गाडी बघायला सगळी गल्ली जमली.

"आयुष्यभर मांडणीचा अभ्यास केलास," बायको अस्मिता म्हणाली, "आणि स्वतःची मांडणी तालमीच्या पोरांवर सोडलीस."

सोमवारी संस्थेच्या अध्यक्षांनी थिसिस पुढ्यात ओढला.

"माणूस काय करतो यापेक्षा लोकांपुढं कसा मांडला जातो, त्यावर त्याचा निकाल लागतो. तुमचंच वाक्य न्हवं हे?"

"हो सर, पण..."

"आमाला पटलं. चौकात बगितलं आमी."

जागा अध्यक्षांच्या पुतण्याला, राजवर्धनला मिळाली. ती त्याच्यासाठी आधीच ठरलेली होती म्हणतात. फ्लेक्समुळे कारण शोधायचा त्रास तेवढा वाचला.

त्याच संध्याकाळी बाळासो खाली मान घालून दारात आला.

"चुकलंच सर आमचं. आता संस्थेच्या निषेधाचा फ्लेक्स लावतोय. त्यात थिसिसचं नाव पूर्ण घालतो, एक अक्षर गाळत न्हाय."

उन्मेषला क्षणभर बरं वाटलं. "बसेल का तेवढं?"

"बसतंय की," बाळासो म्हणाला. "आता तुमचा फोटो न्हाय ना घालायचा."