कुसाईचा उतार

गेल्या नोव्हेंबरच्या ग्रामसभेत, सकाळी अकराच्या सुमारास, दामोदर इंगोले यांनी सरपंचांच्या चहाच्या बशीत एक कुसळ टाकलं. कुसळ फिरू लागलं. सरपंच सुनीताताईंनी चहा सोडून दिला.

इंगोले एसटीचे निवृत्त कंडक्टर. वऱ्हाडातल्या मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या घरापासून तिसरं घर त्यांचं. त्यांच्यासमोर डोळ्यातल्या कुसळाची आणि मुसळाची म्हण कोणी वापरत नाही. वापरली तर पाऊण तास जातो. "मुसय जाते काय कोणाच्या डोयात? जाते ते कुसयच. ज्यानं म्हण केली, त्यानं गवत पायलंच नाही."

ते सकाळी गावामागच्या, कुसळी गवताच्या खडकाळ उतारावर जातात आणि शर्टाच्या खिशात कुसळं घेऊन येतात. भेटेल त्याला बी दाखवतात. एका टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले केस, दुसऱ्या टोकाला पीळ दिलेली काळी शेपटी. "हे केस पाय. आत घुसते, बाहीर निंगत नाही. बाजाराच्या दिवशीची मालेगाव गाडी!"

वाद सुरू झाला तो एका अक्षरामुळे. हा उतार ई-क्लासचा, म्हणजे गावच्या चराऊ जमिनीचा. वऱ्हाडी तोंडात कुसळीची कुसयी होते, म्हणून सगळे त्याला कुसयीचा उतार म्हणतात. उतार साफ करून झाडं लावायचं ठरलं. ग्रामसेवक कोल्हापूरकडून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी कानावर पडलं ते लिहिलं. फलक लागला: 'वृक्षलागवड. जागा: कुसाईचा उतार'.

जेसीबी आला. चालकानं फलक वाचला, चप्पल काढली आणि हात जोडले. "देवीच्या जागेवर मी बकेट लावत नाई बाप्पा." मशीन परत गेलं. दुसऱ्या दिवशी तिथं दोन नारळ फुटले. उतार वाचला होता. इंगोलेंनी फक्त गप्प बसायचं होतं.

ते ग्रामपंचायतीत गेले. "फलक दुरुस्त करा. तिथं देवी नाही, गवत हाय."

"दामूभाऊ, तुमालेच तर गवत पायजे ना? मंग काहून बोंबलून राह्यले?" शिपाई म्हणाला.

"गवत पायजे. खोटी देवी नाही पायजे. मी बौद्ध माणूस, मायासाठी देवी उभी करता काय?"

प्रसादाचं खोबरं मात्र त्यांनी खाल्लं होतं.

फलक दुरुस्त झाला आणि विषय पुन्हा, नोव्हेंबरच्या त्या ग्रामसभेपुढे आला. जेसीबीचा मालक गजानन हसला. "मामा, जनावराच्या तोंडात टोचते ते. त्याचं काय लोणचं घालता?"

"टोचाच्या आंधी चारा ना. हिरवं हाय तवर जनावर खाते. तुमी उशिरा सोडता अन् गवताले नावं ठेवता!"

मग त्यांनी सरपंचांची बशी पुढे ओढली आणि कुसळ टाकलं. वाळलं की शेपटीला पीळ बसतो, भिजलं की सुटतो. त्या फिरण्यानं बी मातीत शिरतं. टेबलाभोवती गर्दी झाली. "पायलं? सोताच सोताले पेरते. याले जेसीबी लागत नाही."

आधीच्या दोन लागवडी त्या उतारावर वाळल्या होत्या. वीतभर मातीखाली खडक आहे. सुनीताताईंनी ते वहीतून वाचून दाखवलं आणि विचारलं, "पण भाऊ, तुमचा एवढा जीव कायले गुंतला त्याच्यात?"

इंगोलेंनी बशीतलं कुसळ उचलून खिशात ठेवलं आणि ते खाली बसले. सभेतले हात वर झाले. झाडं पायथ्याच्या सपाट जागेत लावायची, उतार तसाच ठेवायचा, असा ठराव झाला.

मी पेपरला गावच्या बातम्या देतो, म्हणून त्याच दुपारी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी कमलाबाईंना वर्षभरापूर्वी लकवा झाला. त्यांची खाट खिडकीशी लावलेली आहे. खिडकीतून तेवढा उतारच दिसतो. गवत पिकून तांबूस झालं होतं.

"वारा आला..." कमलाबाई थांबून थांबून म्हणाल्या, "का समदा... हालते."

"झाडं बी हालतीन," इंगोले म्हणाले. "पण धा वर्सानं."

हे सभेत का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तिच्या दुखण्यावर? ते फुकट तिकीट झालं असतं."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी कमलाबाई काठी टेकत, इंगोलेंचा हात धरून, उतारापर्यंत चालत गेल्या. अंतर दोनशे पावलांचं. परत यायला त्यांना पाऊण तास लागला. दुपारी इंगोले ओट्यावर बसून त्यांच्या लुगड्यात रुतलेली कुसळं एकेक करून काढत होते.