तळ्याची पांढरी पायरी

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतले तपासनीस छातीठोकपणे सांगत, बाटली उजेडात धरली की हे पाप कुणाचं ते मला कळतं! त्यामुळे गावातलं छोटं तळं हिरवं पडलं, मासे तोंडं वर काढू लागले आणि नमुन्यात नायट्रोजन-फॉस्फरस भलताच वाढलेला दिसला, तेव्हा त्यांनी काठावरच्या रोपवाटिकेकडे बोट दाखवलं. खताचं पाणी, दुसरं काय?

अडचण एवढीच, की रोपवाटिका त्यांच्या मेहुण्याची होती आणि सोमवारी तिला टाळं लागणार होतं.

बायकोनं अबोला धरला. सोडला तेव्हा म्हणाली, "दहा वर्षं राबून उभं केलंय माझ्या भावानं. करा तुमच्या एका बाटलीनं आडवं."

"नियम म्हणजे नियम," तपासनीस म्हणाले, पण ताट अर्धवट टाकून उठले.

शनिवारी फेरतपासणी होती. मेहुणा हट्टानं सोबत आला. तपासनीसांनी रोजच्यासारखे आधी पिशवीभर दाणे पायरीवर उधळले. चार वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती. कुठून कुठून शे-दोनशे पक्षी आले, यथेच्छ जेवले, पोट तिथंच हलकं केलं आणि उडाले. मग तपासनीसांनी त्याच पायरीवर बसून, बाही सावरून बाटली बुडवली.

"भावोजी, नमुना नेहमी इथूनच घेता?"

"इथूनच. पक्ष्यांचंही आटोपतं आणि कामाचंही."

मेहुण्यानं नुसतं खाली बोट दाखवलं. पायरी पांढरीफटक होती. ती मुळात काळ्या दगडाची, हे तपासनीसांना आत्ता आठवलं.

मग रोपवाटिकेच्या नाल्याचं पाणी प्रथमच तपासलं गेलं. अगदी स्वच्छ निघालं. महिन्याला पोतंभर बाहेरचं धान्य पक्ष्यांच्या पोटातून तळ्यात जात होतं. टाळं टळलं आणि तपासनीसांचा जीव भांड्यात पडला. अहवालातल्या 'प्रदूषणाचा उगम' या रकान्यात मात्र त्यांना स्वतःचा हुद्दा लिहावा लागला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

संध्याकाळी मेहुणा घरी आला. "भावोजी, त्या पायरीखालचा गाळ मला न्यायचाय. माझ्या खताहून कसदार आहे, तुमच्याच अहवालात आहे तसं."

"ने बाबा," तपासनीस पुटपुटले.

बायकोनं कितीतरी दिवसांनी त्यांच्या ताटात आग्रहानं वाढलं. "चला," ती म्हणाली, "चार वर्षांत माझ्या माहेरच्यांसाठी काहीतरी केलंत."