उंबऱ्यावरचा पासवर्ड

घरच्या नेटला कुलूप घालायचं मी ठरवलं ते नूतनसाठी. साड्यांवर खडे चिकटवून चिकटवून माझे डोळे गेले, पोरीचे जायला नकोत. तिला कतारगामच्या एका कंपनीत ऑफिसातलं काम मिळायचं होतं. मुलाखत गुरुवारी सकाळी अकराला, घरीच, लॅपटॉपवर. पण आमचं नेट म्हणजे आमच्या अख्ख्या नवागाम वस्तीची धर्मशाळा. पासवर्ड एक ते आठ आकडे. (तो मीच ठेवला होता. चौथी शिकलेय, आठपर्यंत मोजता येतं.) निम्मी गल्ली आमच्या भिंतीला टेकून पिक्चर बघायची.

बुधवारी नूतन क्लासला गेली तशी मी नेटवाल्या योगेंद्रला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, पासवर्ड म्हणजे दारात अडवणारा माणूस समजा. बरोबर बोललं तर आत, नाहीतर बाहेर. लांबलचक ठेवा, आणि तुम्ही कधी विसरणार नाही असा."

हे हा मला शिकवणार. लग्न होऊन आले तेव्हा नणंदेने उंबऱ्यावर हात आडवा धरला होता, आणि यांचं नाव घेतल्यावरच मला आत सोडलं होतं. योगेंद्रच्या कानात मी तोच उखाणा सांगितला:

केळीला लागला घड मोठा, पंडितरावांच्या घरात नाही कशाला तोटा.

त्याने तो इंग्रजी अक्षरांत घातला, लॅपटॉप आणि आमचे फोन जोडून दिले आणि हसत हसत गेला. का हसला ते तेव्हा कळलं नाही. नूतनने विचारलं तर तिलाही सांगितला नाही. पोटची असली म्हणून काय झालं, गुप्त ते गुप्त.

(संध्याकाळी पापड लाटताना शेजारच्या सरलाबाईंना फक्त एवढंच म्हणाले, की आता आमच्या नेटमध्ये शिरायचं म्हणजे नव्या सुनेने उंबरा ओलांडण्यासारखं आहे. एवढ्यावरून काय कळतंय कोणाला.)

गुरुवारी अकरा वाजता पडद्यावरच्या साहेबांनी नूतनला पहिला प्रश्न विचारला आणि तोंड उघडं ठेवून तिथेच थिजले. पोर रडकुंडीला आली. म्हणाली, मम्मी, कोणीतरी नेट खातंय.

मी पदर खोचून बाहेर आले. सरलाबाई ओट्यावर बसून फोनवर मालिका बघत होत्या. पलीकडे रुक्मिणी माहेरच्या म्हशीला व्हिडिओवर बघत होती.

"सरलाबाई, माझ्या नेटमध्ये शिरलात कशा?"

"कशा म्हणजे? नाव घेऊन."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे?" त्यांनी मालिकेवरची नजरही हलवली नाही. "बारशाला तोच, डोहाळजेवणाला तोच. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात तर दोनदा. सव्वीस वर्षं तुमचा घड ऐकतोय आम्ही. अजून पिकला कसा नाही, तेवढंच कळत नाही."

(साखरपुड्यात दोनदा घेतला, कारण पहिल्यांदा माईक बंद होता.)

भांडायला वेळ नव्हता, नाहीतर दाखवलं असतं. आत जाऊन परात आणली आणि गल्लीच्या मधोमध उभी राहिले. सांगितलं, चालू आहे ते बंद करा आणि मुकाट्याने फोन यात टाका. ज्याचा राहील त्याच्या घरच्या प्रत्येक कार्याला मी येणार आणि पहिलं नाव मीच घेणार. दोन मिनिटांत सतरा फोन जमले. परात मांडीवर घेऊन मी दारात बसले. आतून साहेबांचा आवाज यायला लागला, मग नूतनचा, न अडखळता. परातीत फोन थरथरत होते, घाईत बंद करायच्या राहिलेल्या एकातून म्हशीचा हंबरडा येत होता. मी हलले नाही.

नोकरी लागली.

नवा पासवर्ड मात्र यांनी घातला. हे बोलणारे नव्हेत. जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेला, बोलून उपयोग नसतो हे त्यांना लवकर कळलं. म्हणाले, आपल्या लग्नात मीही एक उखाणा घेतला होता, एकदाच. तो कोणाच्या लक्षात नसणार. स्वतःचा फोन जोडला, नूतनचा लॅपटॉप जोडला आणि माझ्याकडे बघून हसले.

"तुले तर माहीतच शे."

मी मान डोलावली.

सरलाबाईंनी तीन दिवस खटपट केली, हरल्या आणि झक मारून स्वतःचं नेट घेतलं. एवढं पक्कं कुलूप अख्ख्या नवागामात नसेल. अडचण एकच, तो उखाणा मलाही आठवत नाही. आणि यांना विचारायचं म्हणजे ते कबूल करायचं.

महिना झाला. रोज दुपारी मी फोन घेऊन सरलाबाईंच्या ओट्यावर बसते. त्यांचा पासवर्ड एक ते आठ आहे.